रात्रीच्या मैफली आणि कामगार श्रोता



गवयाचा इतिहास लिहिला जातो. श्रोत्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. गवयाचे घराणे सांगतात, गुरू सांगतात, जन्मगाव सांगतात. परंतु तो ज्यांच्यापुढे गायला, त्यांचे नावगाव कोठेच नसते. आज मी बोलणार आहे तो या दुसऱ्या इतिहासाविषयी. विषय पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आहे. पण बाजू मंडपात अगदी मागे, भारतीय बैठकीवर बसणाऱ्यांची आहे.

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व हे किराणा घराण्याचे थोर गायक. अब्दुल करीम खाँ यांचे ते शिष्य. संगीत रंगभूमीही त्यांनी गाजवली. १९५२ च्या सप्टेंबरात ते निवर्तले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर ही गुरुबंधु-भगिनींची मंडळीही त्यात गात. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेले आणि त्यांचे नाव महोत्सवाच्या नावाला जोडले गेले. एवढा इतिहास पुण्यात सर्वांना तोंडपाठ आहे.

आता श्रोत्याकडे वळू. ख्याल हा असा प्रकार आहे की बंदिश तीच, राग तोच, गवई तोच. तरी कालचे गाणे आज होत नाही. म्हणून ऐकून आलेले लोक पुढे वर्षानुवर्षे त्यावर बोलत राहतात. अमुक सालची तोडी अधिक रंगली की तमुक सालची? भीमसेनजींची तरुणपणीची झपाट्याची तान श्रेष्ठ की उतारवयातला ठेहराव? कारखान्याच्या कँटीनमध्ये यावर तट पडलेले मी पाहिले आहेत. बोनसच्या वाटाघाटीत एकमुखाने बोलणारे दोघे या एका प्रश्नावर आठवडाभर अबोला धरीत!

या आठवणींना इतिहासाचा पुरावा म्हणावे काय? साल चुकते, तबल्यावर कोण होते ते विसरते, आणि आपण ऐकलेली मैफल नेहमीच सर्वांत चांगली असते. हे दोष मान्य केले पाहिजेत. परंतु दुसरी बाजूही पाहा. सवाई गंधर्वांच्या काळच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. तास-दीड तास चालणारा त्यांचा राग तबकडीत मावणार कसा? तो ज्यांनी ऐकला त्यांच्या बोलण्यातूनच आपल्यापर्यंत पोचला. तेव्हा आठवण हा कच्चा पुरावा असला, तरी पुष्कळदा तोच एकमेव पुरावा असतो.

अमेरिकेत याचा एक मोठा दाखला आहे. १९६५ साली कॅलिफोर्नियात ‘ग्रेटफुल डेड’ नावाचा वाद्यवृंद निघाला. तीस वर्षांत त्याने सुमारे २३०० कार्यक्रम केले. वाजवता वाजवता गाणे वाढवीत न्यायचे, ही त्यांची रीत. त्यांचा एक ढोलवादक, मिकी हार्ट, उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडून लयकारी शिकला होता. म्हणजे नाते अगदीच दूरचे नव्हे. या मंडळींनी श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू दिले. १९८४ पासून तर त्यासाठी वेगळी जागाच राखली. श्रोते फिती एकमेकांना देत, कोणती रात्र सरस यावर भांडत, आणि भांडता भांडता त्यांनी एका वाद्यवृंदाचा सगळा इतिहास जमा केला. १९७७ च्या मे महिन्यातला त्यांचा कॉर्नेल विद्यापीठातील कार्यक्रम आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहाच्या यादीत आहे. श्रोत्यांनी जपले म्हणून उरले, असे हे उदाहरण.

आपल्याकडचा कामगार श्रोता मात्र मागे काही न ठेवता गेला. त्याचे कारण त्याच्या घड्याळात आहे. दापोडी, पिंपरी, चिंचवड, भोसरी हा पाळ्यांचा मुलूख. दुसरी पाळी सुटते तेव्हा शहर झोपायला निघालेले असते. नाटकाचा तिसरा अंक संपलेला, व्याख्यान कधीच आटोपलेले. परंतु सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चाले. पाळी सुटल्यावर हात-तोंड धुऊन, स्वेटर चढवून, दापोडीहून हॅरिस पूल ओलांडून आम्ही रमणबागेच्या मैदानावर मध्यरात्रीनंतर पोचत असू, तरी निम्मे गाणे शिल्लक असे. दरबारी, मालकंस रात्रीचे. मग पहाटेचा ललित. आणि उजाडल्यावर तोडी. रागाच्या वेळेचे शास्त्र आम्ही पुस्तकात वाचले नाही; डिसेंबरच्या थंडीत, चहाचा पेला हातात धरून, आकाशाकडे पाहून शिकलो. कामगाराच्या सवडीच्या वेळी चालणारी अशी शाळा दुसरी नव्हती.

सवड हा शब्द आमच्या चळवळीला स्वस्तात मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले, तेव्हा १८९० साली रविवारची सुटी मिळाली. शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी १८८६ च्या मे महिन्यात रस्त्यावर आले. सवाई गंधर्वांचे जन्मसालही तेच. आठ तास काम, आठ तास झोप आणि उरलेले आठ तास स्वतःचे, ही ती मागणी. त्या उरलेल्या आठ तासांत गाणे बसते की नाही, हा प्रश्न चैनीचा नव्हे.

पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन अधिक पक्के केले. वर्षातले थोडे दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट मिळू शकते, तेवढेच. रात्रभराचा महोत्सव संपला. दुसऱ्या पाळीचा माणूस बाहेर पडतो तेव्हा मंडपातले दिवे मालवलेले असतात.

या नियमाविरुद्ध मोर्चा काढा असे मी म्हणणार नाही. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या मुलाला, आणि पहाटे पहिल्या पाळीला जाणाऱ्यालाही झोपेचा हक्क आहे. एका कामगाराचे गाणे दुसऱ्या कामगाराच्या झोपेवर उभे राहू नये. परंतु नियम पाळूनही मार्ग निघतो. सकाळी सहानंतर बंदी नाही. तेव्हा सत्र सुरू झाले तर तोडी तिच्या वेळेला गायली जाईल, आणि रात्रपाळी सुटलेला माणूस घरी जाण्यापूर्वी ती ऐकू शकेल. त्याला झोप येत असेल. तशी ती आम्हालाही येत असे.

दुसरे काम आपल्याच हातचे आहे. रात्रभर ऐकणारी शेवटची पिढी आता निवृत्त झाली आहे किंवा होते आहे. वसाहतीतल्या प्रत्येक वाचनालयात एक साधी वही ठेवावी. कोणत्या साली गेलात, कोणती पाळी करून गेलात, काय ऐकले, सोबत कोण होते, परत कसे आलात, एवढे त्यात लिहून घ्यावे. एकाचे साल चुकेल, तर दुसरा ते दुरुस्त करील. वाद होतील, ते व्हावेत. रसिकतेचा इतिहास पेठांतच लिहिला जातो, अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा नदीच्या या काठावरचे पान आपणच भरावे.