स्व-इजा

स्व-इजा : मनावरचा असह्य ताण हलका व्हावा म्हणून माणसाने जाणूनबुजून आपल्याच शरीराला दुखापत करणे. रुग्णालयीन व्यवहारात हेतू कोणताही असो, स्वतःहून केलेली प्रत्येक इजा व विषबाधा या सदरात मोडते. प्रस्तुत नोंद मुख्यतः मरण्याचा हेतू नसलेल्या इजेविषयी आहे. तरी मरण्याचा हेतू असलेली आणि नसलेली इजा हे दोन प्रकार एकमेकांपासून तुटलेले नाहीत. जी व्यक्ती वारंवार स्वतःला इजा करते तिच्या बाबतीत पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढतो. म्हणून ‘मरायचं थोडंच होतं त्याला’ असे म्हणून विषय मिटवणे चूक ठरते.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ मध्ये असा विचार मांडला, की स्वतःला इजा करणे हा कित्येकदा मरण टाळण्याचाच, वाकड्या वाटेने केलेला प्रयत्न असतो. आर्मांडो फवाझा यांच्या १९८७ च्या ग्रंथाने समाजमान्य देहपीडा आणि खाजगी दुःखातून येणारी इजा यांत फरक केला. महाराष्ट्रात हा फरक पटकन ध्यानात येतो. मरीआईचा पोतराज चारचौघांत, ठरल्या प्रसंगी स्वतःच्या अंगावर आसूड ओढतो. त्यामागे परंपरा असते, बघणारा समाज असतो. स्व-इजा मात्र एकांतात घडते आणि पूर्ण बाहीच्या कपड्याखाली लपवली जाते. अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात काम करणाऱ्या शिक्षक-डॉक्टरांनी आणखी एक भान ठेवायला हवे. तिथे लहानपणी पोटावर दिलेल्या ‘डंब्या’च्या चटक्यांचे व्रण पुष्कळांच्या अंगावर आयुष्यभर राहतात, आणि गोंदणही सर्रास दिसते. डंबा ही दुसऱ्याने दिलेली, घातक आणि थांबायलाच हवी अशी प्रथा आहे. पण ती स्व-इजा नव्हे. व्रण पाहून निष्कर्ष काढण्याआधी विचारावे.

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात मरण्याचा हेतू नसलेल्या स्व-इजेला ‘अधिक अभ्यासाची गरज असलेली अवस्था’ म्हणून जागा मिळाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार किशोरवयीनांपैकी सुमारे १७ टक्के, तरुणांपैकी १३ टक्के आणि प्रौढांपैकी साडेपाच टक्के व्यक्तींनी आयुष्यात कधीतरी असे केलेले असते. सुरुवात बहुधा बारा ते चौदा या वयात होते. हा केवळ मुलींचा प्रश्न असल्याचा समज खोटा आहे.

कारणे : इजा करणाऱ्याला वेदना आवडते, असे नाही. भावना इतकी चढते की ती सांगायला शब्द पुरत नाहीत. अशा वेळी शरीराची वेदना लक्ष दुसरीकडे खेचते आणि ती ओसरताना क्षणभर सुटल्यासारखे वाटते. काहींना उलटा अनुभव येतो, आत काहीच जाणवत नाही आणि आपण जिवंत आहोत याची खूण हवी असते. काहींच्या मनात स्वतःविषयी घृणा असते. नापास झालो, घरच्यांना ओझे झालो, लैंगिक अत्याचार झाला तो आपल्याच चुकीने, अशा समजुतीने ते स्वतःला शिक्षा देतात. मिळालेला दिलासा थोडाच वेळ टिकतो. मागून शरम येते, शरमेने लपवालपवी, लपवण्याने एकटेपणा, आणि एकटेपणातून पुन्हा तोच ताण. हे चक्र लक्षात घेतले म्हणजे नुसत्या निश्चयाने सवय का सुटत नाही ते कळते.

‘लक्ष वेधण्यासाठी नाटक करते’ हा आरोप घरोघर ऐकू येतो. बहुतेक जण इजा लपवतात, हेच त्याला पुरेसे उत्तर आहे. आणि एखाद्याने खरोखर लक्ष वेधण्यासाठी केले असले, तरी ज्याला लक्ष मिळवण्यासाठी इथवर जावे लागते त्याच्याकडे लक्ष द्यायलाच हवे.

चिखलदरा व मेळघाट : सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा पर्यटकांना धुके, कॉफी आणि भीमकुंडासाठी ठाऊक असते. तालुक्याचे जगणे त्याहून वेगळे आहे. चिखलदरा आणि धारणी मिळून होणाऱ्या मेळघाटात कोरकू समाज बहुसंख्य. पावसाळ्यानंतर कित्येक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. अनेक मुले आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहतात. घरात कोरकू बोलणाऱ्या मुलाला शाळेत आपले मन मराठीत उलगडावे लागते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. दुःख दुसऱ्या भाषेत सांगायचे म्हणजे निम्मे आतच राहते. वसतिगृहाच्या अधीक्षकाला मुलांच्या भाषेतली चार वाक्ये येणे, हा या तालुक्यात मानसिक आरोग्याचाच भाग मानला पाहिजे.

खाली मैदानात, अचलपूर-दर्यापूरच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यात, मनाच्या त्रासाला ‘टेन्शन’ हाच शब्द चालतो. ‘जीव लागत नाही’, ‘काही सुचून नाही राह्यलं’ असे कोणी म्हणाले तर ती तक्रार ताप-खोकल्याइतकीच खरी धरावी. मेळघाटात त्रास झाल्यावर पहिली पायरी बरेचदा भूमकाची, म्हणजे गावच्या पारंपरिक वैदूची, असते. आरोग्य विभागाने भूमकांना विरोधक न मानता रुग्ण दवाखान्याकडे पाठवण्याच्या कामात सामील करून घेण्याचे प्रयत्न केले आहेत. मनाच्या आजारांसाठीही हीच वाट व्यवहार्य दिसते. मनोरुग्णांसाठीचे सर्वांत जवळचे शासकीय रुग्णालय नागपूरला आहे (स्थापना १८६४), आणि चिखलदऱ्याहून आधी घाट उतरून परतवाडा, मग अमरावती, मग नागपूर असा तो पल्ला पडतो.

तज्ज्ञ कमी असले तरी काम होऊ शकते, हे याच जिल्ह्याने दाखवले. ‘विश्राम’ या उपक्रमात अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत स्थानिक आरोग्य कार्यकर्ते व प्रशिक्षित समुपदेशक नेमले गेले. गंभीर रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ होते. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, अठरा महिन्यांत नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. या आधीच्या व नंतरच्या पाहण्या होत्या, त्यामुळे सारे श्रेय उपक्रमालाच देता येणार नाही. तरी गावातल्याच माणसाशी गावच्या भाषेत बोलता आले की लोक बोलतात, एवढे त्यातून दिसते. शेतकऱ्यांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पातही आशा कार्यकर्तींवरच भिस्त ठेवण्यात आली.

सावरण्याच्या वाटा : इजेची तीव्र ऊर्मी लाटेसारखी चढते आणि ओसरते. म्हणून पहिले उद्दिष्ट ती थोडा वेळ पुढे ढकलणे हे असते: एकांताची जागा सोडून माणसांत येणे, चेहऱ्यावर गार पाणी मारणे, झपझप चालणे, श्वास सावकाश सोडणे, मनात आहे ते कागदावर ओतणे, विश्वासाच्या एका माणसाला ‘मला आत्ता बरं वाटत नाही, जवळ बस’ एवढेच सांगणे. वेदनेची नक्कल करणारे पर्याय अनेक तज्ज्ञ आता सुचवत नाहीत. त्यातून ताण आणि वेदना यांची जोडी पक्कीच होते. बरे वाटत असताना आपल्या ऊर्मीच्या वेळा, तिच्याआधी काय घडते, कोणाला हाक मारायची, हे लिहून ठेवले तर कठीण वेळी नव्याने विचार करावा लागत नाही.

उपचारांत मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेल्या द्वंद्वात्मक वर्तनोपचाराचा पाया भक्कम आहे. त्यात भावना सहन करणे, त्यांना नाव देणे आणि नाती सांभाळणे ही कौशल्ये शिकवली जातात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ‘मी नापास झालो’ आणि ‘मी नालायक आहे’ या दोन वाक्यांतले अंतर ती दाखवते, आणि स्वतःला शिक्षा देणाऱ्या मनाला नेमके तेच उमगायला हवे असते. नैराश्य किंवा अन्य आजार सोबत असल्यास औषधे लागतात.

घरच्यांनी काय करावे : जखमेवर आधी उपचार, प्रश्न नंतर. ओरडणे, शपथा घालणे, नातेवाइकांत चर्चा करणे, रोज अंगाची झडती घेणे यांमुळे लपवालपवी वाढते. ‘असं का केलंस?’ ऐवजी ‘तेव्हा काय होत होतं?’ असे विचारावे. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जात नाही. घरात फवारणीची औषधे व गोळ्या असतील तर कुलूपबंद ठेवाव्यात आणि किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे असावी. मुलावर अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार तशी माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे.

कायदा : पोलीस केस होईल या भीतीने अनेक कुटुंबे दवाखाना टाळतात. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा ठरवणारे भारतीय दंडसंहितेचे कलम ३०९ मुंबई उच्च न्यायालयाने मारुती श्रीपती दुबळ खटल्यात १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते कलम वैध धरले. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ (अंमल २९ मे २०१८) च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. स्व-इजेच्या जखमेसाठी दवाखान्यात जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

मदत : १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते, मराठीत व हिंदीत बोलता येते. मेळघाटच्या अनेक गावांत मोबाइलला रेंज नसते. तिथे आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठावे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे पाठवण्याची मागणी करावी. जखम खोल असेल, काही पोटात घेतले असेल किंवा व्यक्ती मरणाविषयी बोलत असेल, तर तिला एकटे सोडू नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.