टॅपेट कव्हर पॅकिंग

टॅपेट कव्हर पॅकिंग म्हणजे मोटारीच्या इंजिनाच्या माथ्यावरील झाकण आणि सिलिंडर हेड यांच्यामधील फट बुजवणारी मऊ पट्टी होय. हे झाकण झडपांची यंत्रणा धुळीपासून सुरक्षित ठेवते आणि त्या यंत्रणेवर सतत उडणारे वंगण तेल बाहेर पडू देत नाही. पॅकिंग निकामी झाल्यास इंजिनाच्या वरच्या भागातून तेल गळू लागते. पॅकिंग बदलण्याचे काम साध्या हत्यारांनी वाहनधारक स्वतःही करू शकतो. मात्र गळती थांबणे हे सीलंटच्या प्रमाणावर नव्हे, तर पृष्ठभागांची स्वच्छता, झाकणाचा सपाटपणा आणि बोल्टांचा समान ताण यांवर अवलंबून असते.

नाव

टॅपेट हा कॅमची हालचाल झडपेकडे पोहोचवणाऱ्या साखळीतील एक लहान भाग आहे. अ‍ॅम्बॅसडर मोटारीच्या १४८९ घन सेंटिमीटर क्षमतेच्या पेट्रोल इंजिनात टॅपेटची झाकणे ब्लॉकच्या बाजूला होती आणि माथ्यावर वेगळे रॉकर कव्हर होते. मराठी बोलणाऱ्या कारागिरांमध्ये मात्र माथ्यावरील झाकणालाच सरसकट टॅपेट कव्हर म्हटले जाते.

रचना

हेड गॅस्केटला ज्वलनाचा प्रचंड दाब सोसावा लागतो. टॅपेट कव्हरखाली केवळ तेलाचे शिंतोडे आणि क्रँककेसमधील वायूंचा अल्प दाब असतो. त्यामुळे येथे मऊ पट्टी पुरेशी ठरते. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या मोटारींच्या काळात पत्र्याचे झाकण आणि बुचाच्या लाकडाचे म्हणजे कॉर्कचे पॅकिंग प्रचलित होते. पुढे झाकणाच्या खाचेत बसणारे घडीव रबरी पॅकिंग रूढ झाले. अनेक आधुनिक इंजिनांत स्पार्क प्लग झाकणातून आत जातात. अशा ठिकाणी प्रत्येक प्लगच्या नळीभोवती स्वतंत्र रबरी कडे असते.

गळतीची कारणे

उष्णता आणि तेल यांच्या दीर्घ संपर्काने रबर कडक होते, तर कॉर्क आकसून ठिसूळ बनतो. गळती दिसताच बोल्ट अधिक आवळण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यामुळे पत्र्याचे झाकण बोल्टांजवळ दबते, दोन बोल्टांमधला भाग उचलला जातो आणि गळती वाढते. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधील आटेही यामुळे झडू शकतात.

क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारी ब्रीदर नळी किंवा तिच्यावरील झडप तुंबल्यास आतील दाब वाढतो आणि नवे पॅकिंगही तेल रोखू शकत नाही. पिस्टन रिंगा झिजलेल्या असल्यास हीच अवस्था उद्भवते.

लक्षणे

झाकणाच्या कडेला तेलकट धूळ साचणे, इंजिन तापल्यावर जळक्या तेलाचा वास येणे आणि एक्झॉस्टच्या बाजूने धूर निघणे ही प्रमुख लक्षणे होत. प्लगच्या विहिरीत तेल उतरल्यास इंजिन मिसफायर करते. वरून ओघळलेले तेल इंजिनाच्या मागच्या बाजूने खाली येते. ते क्रँकशाफ्टच्या मागील ऑइल सीलमधून गळत असल्याचा समज होऊ शकतो. ते सील बदलण्यासाठी बहुधा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून इंजिन पुसून गळतीचा शोध वरून खाली घेतल्यास मोठा अनाठायी खर्च टळतो.

बदलण्याची पद्धत

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार सोडवली जाते. झाकणाभोवतीची धूळ आधीच झटकली जाते, कारण ती आत पडल्यास तेलात मिसळते. नळ्या आणि तारा बाजूला केल्यावर बोल्ट काढले जातात. अनेक मोटारींत त्यांना दहाचा पाना लागतो. अडकलेले झाकण रबरी हातोडीने हलके ठोकून मोकळे केले जाते. पेचकस घालून उचकटल्यास हेडच्या पृष्ठभागावर चरे पडतात.

जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित केले जातात. पत्र्याचे झाकण सपाट काचेवर ठेवून वाकलेले नाही ना, हे पाहता येते. नवे पॅकिंग खाचेत बसवल्यावर सर्व बोल्ट प्रथम हाताने लावतात. नंतर मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन ते तीन टप्प्यांत ते आवळले जातात. सहा मिलिमीटरच्या बोल्टांसाठी ताण अनेकदा ८ ते १२ न्यूटन-मीटर इतकाच असतो. अचूक आकडा त्या वाहनाच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावा लागतो.

सीलंटचा वापर

घडीव रबरी पॅकिंगला सर्वत्र सीलंट लागत नाही. टायमिंग कव्हर हेडला मिळते ते सांधे आणि अर्धचंद्राकृती बुचाचे कोपरे अशा जागीच सिलिकॉन सीलंटचा लहान ठिपका पुरतो. जास्त लावलेला सीलंट आतल्या बाजूस दाबला जातो. त्याचे तुकडे सुटून तेलपंपाच्या जाळीत अडकल्यास वंगण कमी पडते आणि बेअरिंग निकामी होऊ शकतात. किरकोळ गळतीवरील हा उपाय अशा रीतीने संपूर्ण इंजिनाच्या मुळावर येतो.

शुष्क प्रदेशातील वापर

एकघटकी सिलिकॉन सीलंट हवेतील बाष्प शोषून घट्ट होतो. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार परिसरासारख्या पर्जन्यछायेतील भागात उन्हाळ्याची हवा अतिशय कोरडी असते. तेथे सीलंट सुकण्यास अधिक वेळ लागू शकतो. पूर्ण घट्ट होण्यासाठी साधारणतः २४ तास लागतात, म्हणून घाईने इंजिन सुरू करणे टाळले जाते. उघडे हेड वाऱ्यावर ठेवणेही अशा धुळीच्या प्रदेशात अहितकारक ठरते. ऊसतोडीच्या हंगामात लांबवर जाणाऱ्या ट्रॅक्टरांनाही हीच तत्त्वे लागू पडतात.

सुरक्षितता आणि पर्यावरण

तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडलेले तेल पेट घेऊ शकते. म्हणून मोठी गळती असलेले वाहन तसेच चालवणे धोक्याचे असते. काम झाल्यावर तेलाची पातळी तपासून इंजिन काही मिनिटे संथ गतीने चालवतात आणि कडा पुन्हा पाहतात. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. ते आणि तेलाने माखलेली फडकी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकल्यास पाणी दूषित होते. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत ही हानी विशेष गंभीर ठरते.