आशेचा पाश, आशेचा दोर

मराठीत ‘आशा’ या शब्दाला मान कमीच. आशाळभूत नजर, वेडी आशा, एखाद्याला आशेला लावून ठेवणे, यातला कुठलाच प्रयोग कौतुकाचा नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात ‘आशापाश’ हा शब्द आला आणि प्रवचना-कीर्तनांतून तो आपल्या कानांत बसला. आशा बांधते, आणि बांधला गेला म्हणून माणूस दुःख भोगतो, असा त्या समासाचा भाव. आशा सोडा म्हणजे सुटाल, ही शिकवण ज्या भाषेच्या अंगात मुरली आहे, त्याच भाषेत पुढे मराठी ख्रिस्ती माणूस ‘विश्वास, आशा, प्रीती’ म्हणू लागला. ज्या शब्दापासून दूर राहायचे तोच आता धरून ठेवायचा होता. शब्दाला एवढी उलटी कलाटणी क्वचितच मिळते.

बायबलच्या जुन्या कराराची भाषा हिब्रू. तिच्यात आशेला ‘तिकवा’ म्हणतात. तिकवा म्हणजे आशा आणि तिकवा म्हणजे दोरही. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातली राहाब खिडकीला लाल दोर बांधते. शहर पडेल तेव्हा तो दोर पाहून तिच्या घरातली माणसे वाचवायची, असे ठरलेले असते. त्या दोरासाठी तिथे हाच शब्द आहे. या शब्दामागच्या धातूचा अर्थ वाट पाहणे. पीळ देणे, ताणून धरणे हा त्याचा मूळ अर्थ असावा, असे कोशकार सांगतात. वाट पाहणाऱ्याचा जीव ताणलेला असतो, हे ज्याने रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडेही दोरी आहे, पण ती आयुष्याची. अपघातातून कोणी वाचला की ‘दोरी बळकट’ म्हणतो. हिब्रूत दोन्ही दोऱ्या एकत्र आल्या त्या ईयोबाच्या तोंडी. एका दिवसात सगळी मुले गमावलेला, अंगभर फोडांनी पोळलेला हा माणूस म्हणतो की आपले दिवस विणकराच्या धोट्यापेक्षा वेगाने पळाले आणि तिकवा न उरता संपले. सूत संपले की आशा संपली? हिब्रूत दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येतात. मराठी भाषांतरात ‘आशा’ येते, धोटाही येतो, सूत मात्र सुटते. त्याला इलाज नाही.

ज्याला आपण ‘विलापगीत’ म्हणतो त्या पुस्तकाचे हिब्रू नाव ‘एखा’, म्हणजे ‘कसे!’ इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले, त्यावरचा हा शोक. पाचपैकी पहिली चार गीते हिब्रू वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने रचली आहेत. रडणाऱ्याला शब्द सुचत नाहीत तेव्हा अक्षरांचा क्रम तरी हाताशी असावा, तसे ते वाटते. सांत्वनाच्या प्रार्थनेत नेहमी वाचतात त्या ओळी तिसऱ्या गीताच्या मध्यावर आहेत. देवाची दया दररोज सकाळी नवी होते, असे तिथे म्हटले आहे. पण त्याच्या थोडे पुढे एक फार प्रामाणिक शब्द येतो, ‘उलै’, म्हणजे कदाचित. माणसाने धुळीत तोंड घालावे. कदाचित आशा असेल. पवित्र ग्रंथात आशेला ‘कदाचित’ जोडलेले पाहून मला धीर येतो. शोकात असलेल्या माणसाला ठाम बोलणे सहन होत नाही. ‘देवाची इच्छा’ एवढे दोन शब्द बोलून मोकळ्या होणाऱ्या भेटकऱ्यांनी हा ‘कदाचित’ शिकून घ्यावा.

क्रुसावर येशूनेही प्रश्नच विचारला. त्या आरोळीतला ‘लमा’ म्हणजे ‘का’. मूळ शब्द भाषांतरकारांनी मराठीत तसाच ठेवला, हे फार बरे केले. त्या ‘का’ला त्या दुपारी उत्तर मिळाले नाही. पुनरुत्थान तिसऱ्या दिवशीचे, आणि तेसुद्धा प्रश्नाचे स्पष्टीकरण म्हणून आलेले नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात आशेला जहाजाचा नांगर म्हटले आहे. रोमच्या भुयारी दफनभूमीत आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी आपल्या माणसांच्या थडग्यांवर नांगर कोरले. पत्रात तो नांगर पडद्याच्या पलीकडे गेलेला आहे. नांगर दिसत नाही, हातात येतो तो दोरच. तिकवा मला इथे पुन्हा भेटते.

आपल्या मातीत हा दोर पंडिता रमाबाईंनी धरला. आई-वडील आणि थोरली बहीण हलाखीच्या दिवसांत गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १८८३ मधला. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून साध्यासुध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबल उतरवले. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शोकाने मोडलेल्या ईयोबाचे आणि यरुशलेमाचे शब्द त्यांनी कोणत्या मनाने मराठीत आणले असतील, याचा मी अनेकदा विचार करतो.

विलापगीताचा शेवट आशेवर होत नाही. देवाने आपल्याला पुरते टाकले की काय, या शंकेवर ते संपते. यहुदी सभास्थानात वाचताना शेवटच्या वचनानंतर त्याच्या आधीचे वचन पुन्हा म्हणतात. कोणाच्या घरी दुःखात भेटायला जाल आणि बायबल उघडाल, तेव्हा मधल्या चार ओळींवर थांबू नका. पाच गीतांत मिळून १५४ वचने आहेत, अर्ध्या तासात वाचून होतात. सगळी वाचा.