शिष्यवृत्ती आणि कॉलेजची पारख

येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभे राहिले म्हणजे उत्तरेस बेळगाव शहर दिसते. या गावच्या मुलांचे उच्च शिक्षणाचे जवळचे ठिकाण तेच. तेथे 1933 साली लिंगराज कॉलेज निघाले, 1945 साली राणी पार्वतीदेवी कॉलेज निघाले. पुढे कोणते कॉलेज चांगले, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरीही येऊन पोहोचला. त्याचे एक सोपे उत्तर असे, की ज्याचे विद्यार्थी मोठ्या शिष्यवृत्त्या मिळवून विलायतेस जातात, ते चांगले.

हे माप जुनेच आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. सरकारी शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले आणि 1899 साली तेथील गणिताच्या परीक्षेत, दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने, पहिले आले. फर्ग्युसन तेव्हा अवघे चौदा वर्षांचे होते. या एका यशाने त्याचे नाव दुमदुमले. परंतु या कथेचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. परांजपे स्वदेशी परतले, अल्प वेतनावर त्याच कॉलेजात शिकवू लागले आणि 1902 पासून त्याचे प्राचार्य झाले. एकाची बुद्धी पुढे अनेकांच्या कामी आली, हे कॉलेजचे खरे वैभव होय.

दुसरे उदाहरण सीमाभागाच्या अधिक जवळचे. ऱ्होड्स शिष्यवृत्ती भारतीयांना 1947 साली खुली झाली. त्या वर्षी साऱ्या देशातून दोघेच निवडले गेले. धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे पदवीधर गिरीश कार्नाड 1960 साली तीच शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. बेळगावची कॉलेजेही त्या काळी धारवाडच्याच विद्यापीठाशी जोडलेली होती. परीक्षा एक, पदवी एक. मग हा मान धारवाडला लाभला म्हणून बेळगावचे अध्यापन हलके ठरते काय? मूठभर जागांच्या निवडीत व्यक्तीचे तेज दिसते. वर्गातील उरलेल्या मुलांचे काय झाले, ते दिसत नाही.

येळ्ळूरची शिवारे भातासाठी प्रसिद्ध आहेत. तेथला शेतकरी एका टपोऱ्या लोंबीवरून शेताची पारख करीत नाही. तो खळ्यावरची रास पाहतो. कॉलेजच्या दारातही त्याने तेच पाहावे. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी किती मुलेमुली आत आली, आणि त्यांतली किती पदवी घेऊन, ताठ मानेने बाहेर पडली?