ध्वनी की आकृती? संगणकावरील मराठीच्या संकेतप्रणाली आणि स्थित्यंतराच्या मुहूर्ताचा प्रश्न (१९८८–२०१२)

प्रस्तावना

नवा संगणक केव्हा घ्यावा आणि परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तांत्रिक पद्धतींपैकी कोणती स्वीकारावी, हे दोन प्रश्न कोणत्याही संस्थेत खरेदी समितीच्या बैठकीत निकालात निघतात. दरपत्रके मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि विषय संपतो. मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र या प्रश्नांची व्याप्ती इतकी मर्यादित राहिली नाही. १९९० ते २०१० या दोन दशकांत संगणकावर जुळविलेल्या मराठी ग्रंथांचे, नियतकालिकांचे, प्रबंधांचे आणि सभावृत्तांतांचे पुढे काय झाले, हे त्या त्या वेळी घेतलेल्या अशाच निर्णयांनी ठरविले. त्या काळातील फाईल आजच्या संगणकावर उघडली असता पुष्कळदा मराठी अक्षरांऐवजी रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांची विस्कळीत रांग दिसते. मजकूर नष्ट झालेला नसतो; तो वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

या स्थितीचे प्रचलित स्पष्टीकरण असे, की युनिकोड १९९१ पासून उपलब्ध होते, परंतु मराठी संस्थांनी ते स्वीकारण्यात दिरंगाई केली. प्रस्तुत लेखात या स्पष्टीकरणाची तपासणी केली आहे. दिरंगाई झाली हे खरे. परंतु तिची कारणे पाहता ती बव्हंशी समर्थनीय होती आणि हानी झाली ती दुसऱ्याच एका निर्णयामुळे, असे मत येथे मांडले आहे.

खिळ्यांचा वारसा

देवनागरी मुद्रणाची मूळ अडचण संगणकापूर्वीची आहे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या रोमन लिपीच्या कितीतरी पट होते. मुंबईच्या छापखान्यांत रूढ झालेल्या 'डिग्री' पद्धतीत अक्षराचे तुकडे पाडून ते जुळविण्याचा मार्ग काढण्यात आला होता. जुळाऱ्याच्या दृष्टीने 'कि' हे अक्षर म्हणजे आधी ऱ्हस्व वेलांटी आणि मग 'क'. उच्चाराचा क्रम उलट आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. कागदावर डावीकडून उजवीकडे जे दिसायचे तेच त्याच्या हाताखालून जात असे.

संगणकाने हा प्रश्न नव्याने उभा केला. अक्षराला संकेतांक द्यायचा तो त्याच्या आकृतीला की त्यामागील ध्वनीला? पुढील वीस वर्षांची सारी स्पर्धा या एका प्रश्नाभोवती फिरली.

इस्की : ध्वनीचा पक्ष

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८०च्या दशकात सुरू झालेले 'जिस्ट' तंत्रज्ञानाचे काम १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. त्याच्या पाठीशी असलेली संकेतप्रणाली म्हणजे 'इस्की'. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला 'आयएस १३१९४' या क्रमांकाने मान्यता दिली. इस्कीची मांडणी आजही कौतुकास्पद वाटते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला मूलतः एकच आहे हे ओळखून तिने देवनागरी, गुजराती, बंगाली, कन्नड इत्यादी लिपींतील 'क'ला एकच संकेतांक दिला, तो १७९. कोणत्या लिपीत दाखवायचे हे वेगळ्या खुणेने सांगायचे. जोडाक्षरांना स्वतंत्र जागा नव्हती. व्यंजन, हलन्त आणि पुन्हा व्यंजन असा क्रम साठवायचा आणि आकृती घडविण्याचे काम यंत्रावर सोपवायचे. परिणामी मजकूर वर्णक्रमाने लावता येत होता, त्यात शब्द शोधता येत होता.

अडचण होती ती आकृती घडविणाऱ्या यंत्राची. त्या काळातील संगणकांना हे काम झेपत नसल्यामुळे जिस्टचे स्वतंत्र कार्ड संगणकाच्या विस्तार-खाचेत बसवावे लागे. कार्ड असेल तेथे मराठी. नसेल तेथे काहीच नाही.

फॉन्ट : आकृतीचा पक्ष

१९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप फॉन्ट सर्वसामान्य संगणकावर आले आणि चित्र पालटले. आता कोणत्याही कार्डाची गरज उरली नाही. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेला फॉन्ट तयार केला, की पेजमेकरसारखे कोणतेही सॉफ्टवेअर मराठी 'छापू' लागे. संगणकाला आपण मराठी लिहीत आहोत याचा पत्ता नसे. त्याच्या लेखी तो निरर्थक रोमन मजकूरच होता. डिग्री पद्धतीचा जुळारी जणू पडद्यावर पुन्हा अवतरला. 'कि'मधली वेलांटी पुन्हा आधी आली आणि रफार अक्षरानंतर गेला.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती अशी अनेक उत्पादने बाजारात आली. त्यांच्या अक्षरवळणांनी मराठी मुद्रणाला जी विविधता दिली, तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. शिवाय टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्या कर्मचाऱ्यांना जुनाच कळफलक वापरण्याची सोय त्यांत होती. इनस्क्रिप्ट नव्याने शिकावा लागत होता. परंतु कोणत्या संकेतांकावर कोणता तुकडा बसवायचा हे प्रत्येक उत्पादकाने आपापले ठरविले. सी-डॅकने फॉन्टच्या मांडणीसाठी 'इस्फॉक' हे प्रमाण पुढे केले, पण स्पर्धकांनी ते का स्वीकारावे? मांडणी वेगळी असणे हीच ग्राहक टिकविण्याची हमी होती. ध्वनीच्या पक्षाची अध्वर्यू असलेली सी-डॅक संस्थादेखील 'आयएसएम' हे उत्पादन घेऊन शेवटी फॉन्टच्याच बाजारात उतरली, यातच त्या काळाचा कल दिसून येतो.

अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये इंग्रजी टंकलेखन यंत्राच्या कळफलकाचे उदाहरण घेऊन असे प्रतिपादन केले होते, की एखादी पद्धत उत्तम आहे म्हणून नव्हे, तर ती आधी रुळली म्हणून टिकते. लिबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये त्याला जोरदार आक्षेप घेतला. मराठीचे उदाहरण या दोन्ही बाजूंना थोडे अडचणीचे आहे. येथे रुळलेली पद्धत नंतरची होती आणि ती टिकलीही नाही. ती जिंकली याचे कारण साखळीतील प्रत्येक दुव्याला ती त्याच दिवशी चालत होती. मुद्रकाकडे जो फॉन्ट असेल तोच लेखकाने व मुद्रितशोधकाने वापरायचा, एवढे पथ्य पाळले की पुस्तक तयार होत असे. १९९३ साली प्रकाशकाला पुस्तक हवे होते. शोधता येणारा मजकूर कोणी मागितला नव्हता.

मुहूर्ताचा प्रश्न

युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील भारतीय लिपींची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली होती. फक्त प्रत्येक लिपीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. म्हणजे तत्त्वतः ध्वनीचा पक्ष त्याच वर्षी जागतिक पातळीवर मान्य झाला होता. पण मानक प्रसिद्ध होणे आणि ते वापरता येणे यांतील अंतर मराठीपुरते आठ वर्षांहून अधिक निघाले. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये मराठी, हिंदी, कोंकणी आणि संस्कृत यांसाठी प्रथमच अंगभूत व्यवस्था व 'मंगल' हा फॉन्ट मिळाला. '२०००' सालच्या तारखांच्या धास्तीने ज्या संस्थांनी १९९९ मध्ये नवे संगणक घेतले, त्यांच्या पदरी विंडोज ९८ पडले. केवळ काही महिन्यांच्या फरकाने त्यांची मराठी पुढील खरेदीपर्यंत फॉन्टमध्येच अडकून राहिली. नंतरच्या विंडोज एक्सपीतही ही व्यवस्था मूळ सीडी घालून मुद्दाम कार्यान्वित करावी लागे. ती आपोआप मिळू लागली ती २००७ मध्ये व्हिस्टा आल्यानंतर.

तथापि, कार्यकारी प्रणाली हा साखळीतील एकच दुवा. छपाईचा सारा व्यवहार पेजमेकरवर चालत होता. त्याची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली. तिला युनिकोड देवनागरी समजत नव्हती. क्वार्कएक्सप्रेसने २००६ मध्ये युनिकोड स्वीकारले, परंतु देवनागरीची जोडाक्षरे घडविण्याची क्षमता त्यात नव्हती. व्यावसायिक पृष्ठमांडणीत ती सोय इनडिझाइनच्या सीएस६ या आवृत्तीने २०१२ मध्ये दिली. लेखकाने २००५ साली हौसेने युनिकोडमध्ये टंकलिखित केलेले हस्तलिखित मुद्रकाकडे गेले, की एक तर ते फॉन्टमध्ये रूपांतरित करावे लागे, नाही तर पहिल्यापासून पुन्हा जुळवावे लागे. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये युनिकोडवर सुरू होऊ शकला, कारण त्याला छापखान्यातून जायचे नव्हते.

जागेचा आक्षेपही तेव्हा पोरकट नव्हता. इस्कीत एका वर्णाला एक बाइट पुरे. महाजालावर रूढ असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन लागतात. दूरध्वनीच्या तारेवरून पान उतरविण्याच्या काळात हा फरक जाणवणारा होता.

हे सर्व ध्यानात घेता १९९५ किंवा २००२ मध्ये फॉन्टवर राहणाऱ्या प्रकाशकाला अथवा महाविद्यालयाला दोष देता येत नाही. साखळीतील शेवटचा दुवा तयार होण्याआधी उडी घेणाऱ्याला काम दोनदा करावे लागले असते.

जपणुकीतील चूक

दोष आहे तो अन्यत्र. छपाईसाठी फॉन्ट अपरिहार्य होता; जतनासाठी नव्हता. १९९१ नंतर प्रकाशित राष्ट्रीय मानक उपलब्ध होते, त्यात मजकूर साठविणारी सॉफ्टवेअर सी-डॅकनेच पुरविली होती, आणि काही उत्पादनांत फॉन्टमधून इस्कीत रूपांतर करण्याची सोय होती. छापून झालेल्या पुस्तकाची एक प्रत इस्कीत काढून ठेवणे हे एका दुपारचे काम होते. ते सहसा झाले नाही, कारण छापील प्रत हाती आली की फाईलचे कार्य संपले, अशीच समजूत होती. ज्यांनी इस्कीत मजकूर ठेवला त्यांचा मार्ग पुढे किती सुकर झाला हे एका तांत्रिक तपशिलावरून कळते: विंडोजमध्ये देवनागरी इस्कीसाठी ५७००२ क्रमांकाचे संकेतपृष्ठ अंतर्भूत आहे. तेथून युनिकोडमध्ये जाणे म्हणजे जवळजवळ एका तक्त्यावरून दुसऱ्या तक्त्यावर जाणे.

फॉन्टमधील मजकुराचे तसे नाही. प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा रूपांतरक लागतो. त्याला आधी तुकडे ओळखून अक्षर जोडावे लागते, वेलांटी व्यंजनानंतर हलवावी लागते, रफार उचलून जोडाक्षराच्या आरंभी न्यावा लागतो. कोणता फॉन्ट वापरला होता याची नोंद नसल्यास पहिली पायरीच चुकते. भर पडली ती कुलपांची. पुष्कळ सॉफ्टवेअर संगणकाच्या प्रिंटरच्या खाचेला जोडायच्या 'डोंगल'शिवाय चालत नसे. नव्या संगणकांतून ती समांतर खाच नाहीशी झाली, तशी जुन्या कार्डांसाठी लागणारी विस्तार-खाचही गेली. संगणक बदलण्याचा निर्णय गतीचा विचार करून घेतला गेला. त्याबरोबर स्वतःचा दहा वर्षांचा मजकूर उघडण्याचे साधनही आपण भंगारात देत आहोत, हे त्या कागदपत्रांत कोठेही लिहिलेले नव्हते.

उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात या हानीचा पडताळा शोधगंगेवर घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक केले, परंतु ती कोणत्या संकेतप्रणालीत असावी हा प्रश्न पीडीएफच्या आड दडला. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असल्याने पान सुरेख दिसते. त्यातील परिच्छेद उचलून अन्यत्र ठेवला, की जुन्या फॉन्टमधील प्रबंधाचे खरे रूप प्रकट होते. शोधयंत्राच्या दृष्टीने असा प्रबंध मराठीत लिहिलेलाच नाही.

उरलेली दुहेरी वाट

२००९ मध्ये केंद्र शासनाच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच भारतीय भाषांचे मानक ठरविले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरच्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत 'ॲ' व 'ऑ' या स्वरांना स्थान दिले. पैकी 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला तो एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत; तोपर्यंत 'अ' आणि अर्धचंद्र असे दोन संकेतांक जोडून तो लिहिला जात होता. युनिकोडच्या नियमानुसार या दोन लेखनांना समतुल्य मानलेले नाही. मराठीच्या खास ऱ्याचे दुखणे याहून जुने आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतील अर्थभेद ज्या अर्ध्या 'र'वर उभा आहे, तो युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहावयाचा होता. नंतर इस्कीप्रमाणे 'ऱ' आणि हलन्त हा मार्ग मान्य झाला. जुना मार्ग मात्र रद्द झाला नाही. पडद्यावर दोन्ही अक्षरे तंतोतंत सारखी उमटतात. ग्रंथालयाच्या तालिकेत 'वाऱ्यावर' हा शब्द एका पद्धतीने नोंदविलेला असेल आणि शोधणाऱ्याचा कळफलक दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर त्याची काळजी सॉफ्टवेअरने वेगळी घेतली नसल्यास पुस्तक फळीवर असूनही सापडत नाही.