गाडगीळांचा सहकार आणि काटोलचा संत्रा

धनंजयराव गाडगीळ म्हटले की प्रवरानगरचा साखर कारखाना आठवतो आणि काटोल म्हटले की संत्रा. या दोन नावांची सांगड सहसा कुणी घालत नाही. गाडगीळांचा जन्म १९०१ साली नाशिकला झाला, पण शाळा त्यांनी नागपुरात केली. नागपुरात वाढलेल्या या अर्थतज्ज्ञाचा सहकार नगर जिल्ह्यात फोफावला आणि नागपूरच्याच काटोल तालुक्यात संत्र्याच्या बाबतीत त्याने तसा जीव धरला नाही. याचे खापर बहुधा वैदर्भीय शेतकऱ्याच्या स्वभावावर फोडले जाते. इतिहास तपासला तर कारण वेगळे निघते. आपण गाडगीळांकडून कारखान्याचा नमुना घेतला, पण त्या नमुन्याच्या मागची त्यांची तपासणीची रीत घेतली नाही.

ती रीत त्यांच्या सुरुवातीच्या कामातच दिसते. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा केंब्रिजमधला त्यांचा प्रबंध १९२४ साली पुस्तकरूपाने आला. पुढे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून १९३० साली, रावबहादूर काळे यांच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची सूत्रे त्यांनी हाती घेतली. संस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रकाशनांत पुण्याच्या फळबाजाराची पाहणी आहे, १९३३ सालची. साखरेच्या कितीतरी आधी हा माणूस फळांकडे वळला होता, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. माल कोणत्या हातांतून जातो आणि प्रत्येक हात काय काढून घेतो, हे आधी पाहायचे आणि मग उपाय बोलायचा, अशी ही शिस्त. १९५१-५२च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही ते होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३.१ टक्के आणि सावकारांचा सत्तरच्या घरात, हे त्या पाहणीने दाखवले. नुसत्या स्वस्त कर्जाने हे बदलणार नाही, कर्ज, विक्री आणि प्रक्रिया एकमेकांशी बांधली पाहिजेत आणि सरकारनेही भांडवल घातले पाहिजे, हा त्यातून निघालेला उपाय.

विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी उभा केलेला प्रवरेचा कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला आणि त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पाहणीच्या आधीच हा मार्ग तिथे चपखल बसला, कारण जमीन, पाणी आणि पीक तिन्ही अनुकूल होते. भंडारदरा धरण १९२६ सालीच पुरे झाले होते आणि कालव्याचे पाणी शिवारात खेळत होते. जमीन रयतवारीची, म्हणजे शेतकरी थेट सरकारचा खातेदार. शिवाय ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर उतारा घसरतो, तो दिल्लीला पाठवून चढा भाव पाहता येत नाही. म्हणून सभासद कारखान्याला बांधलेला राहतो आणि कारखाना सभासदाला. कर्जाची वसुली उसाच्या बिलातूनच होते.

काटोलला यातले काहीच नव्हते. इथे १९५१पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये मालगुजार. प्रवरेची चाके फिरू लागली तेव्हा काटोल मुंबई राज्यात नव्हतेच, ते मध्य प्रदेशात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. मुंबई राज्याच्या सहकारी धोरणाशी या भागाचा संबंध आला तो १९५६ नंतर. बागा विहिरीच्या पाण्यावर. बहार दोन, आंबिया आणि मृग, आणि दोन्हींचे भवितव्य निसर्गाच्या हाती. त्याहून मोठा फरक फळात आहे. संत्रा ताजाच खपतो, आकार आणि रंग पाहून त्याचा भाव ठरतो आणि तो नागपूरच्या कळमना बाजारातून किंवा थेट बागेतून देशभर जातो. नागपुरी संत्र्यात बिया असतात आणि त्याचा रस ठेवला की कडवट होतो. त्यामुळे रसाचा कारखाना मुख्यतः बारीक आणि डागी मालाचाच आधार होऊ शकतो. भाव चढला की बागायतदार व्यापाऱ्याला झाडावरचे फळ विकून मोकळा होतो आणि सहकारी संस्थेला माल मिळत नाही. हा दोष स्वभावाचा नाही. उसाच्या शेतकऱ्यालाही दहा गिऱ्हाइके असती तर तोही असाच वागला असता.

यावर आक्षेप असा की संत्र्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. बरोबर आहे. नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघातून ‘नोगा’ उभे राहिले. आज ते नाव राज्याच्या कृषिउद्योग महामंडळाकडे आहे आणि घराघरांत ते जॅम-केचपसाठी ओळखले जाते. त्यातून सिद्ध काय होते? प्रक्रियेला बाजार मिळतो, पण ताज्या संत्र्याच्या भावाचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साखरेचा सहकार पुढे पुढाऱ्यांच्या हाती गेला, मग त्याच्याच प्रवर्तकाचे गोडवे कशाला? सरकारी भांडवलाबरोबर सत्तेची ओढही येणार, याचा पुरेसा बंदोबस्त त्या योजनेत नव्हता, हे मान्य करायला हवे. पण हा दोष संस्था चालवण्यातला आहे. माल आणि पैसा यांची वाट आधी मोजण्याच्या रीतीला तो लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की काटोलचा प्रश्न विकासाच्या अनुशेषाचा आहे, बाजाराचा नाही. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असताना गाडगीळांनी राज्यांना केंद्रीय मदत वाटण्याचे सूत्र दिले, ते १९६९ साली स्वीकारले गेले आणि त्यात ६० टक्के वजन लोकसंख्येला होते. पण ते राज्याराज्यांमधले वाटप होते; राज्याच्या आतली विषमता मोजली ती वि. म. दांडेकरांच्या समितीने. १९८४च्या तिच्या अहवालाने ३,१८६ कोटींचा अनुशेष दाखवला, त्यात विदर्भाचा वाटा ३९ टक्क्यांचा. तो हिशेब न्याय्यच होता, पण तो सिंचन, रस्ते, वीज, शिक्षण, आरोग्य अशा सोयींचा होता. संत्र्याच्या एका रुपयातले किती पैसे बागेत राहतात, हे त्यातून कळत नाही. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, पण बांगलादेशाने संत्र्यावरचे आयातशुल्क वाढवताच बागेतला भाव पडायचा तो पडलाच.

गाडगीळ ३ मे १९७१ रोजी दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वेतच वारले. त्यांच्या नावाने काटोलला आणखी एक रसाचा कारखाना मागणे म्हणजे त्यांना अर्धेच वाचणे होय. प्रतवारी, पॅकिंग आणि शीतगृह ज्यांच्या मालकीचे असेल आणि प्रत्येक बाजारातला भाव ज्यांना आदल्या दिवशी ठाऊक असेल, अशी बागायतदारांची संस्था हवी. आणि तिचे पहिले काम १९३३च्या पुण्याच्या पाहणीसारखी काटोलची पाहणी करणे, हेच असले पाहिजे.