तबकडींत सांपडलेले बालगंधर्व

भाऊराव कोल्हटकरांचा आवाज कसा होता, हें आज कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. किर्लोस्कर मंडळींतील या गायक नटाची थोरवी जुन्या पिढीनें तोंड भरून वर्णिली आहे. परंतु भाऊराव १९०१ च्या फेब्रुवारींत निवर्तले, आणि ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग ध्वनिमुद्रणाचें साहित्य घेऊन कलकत्त्यास पोंचले तें १९०२ च्या अखेरीस. पुरतीं दोन वर्षेंही न भरणाऱ्या या अंतरामुळें एक थोर गळा आपणांस कायमचा मुका झाला. त्याच मंडळींत १९०५ सालीं दाखल झालेल्या नारायण श्रीपाद राजहंसांच्या बाबतींत दैव इतकें निष्ठुर झालें नाहीं. बालगंधर्वांचा आवाज आपल्याजवळ आहे. प्रश्न एवढाच कीं, तबकडींत सांपडले ते कोणते बालगंधर्व?

गणेशपंत बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडून त्यांनीं १९१३ च्या जुलै महिन्यांत गंधर्व नाटक मंडळी काढली. ती वीसहून अधिक वर्षें चालली. १९१६ चें ‘स्वयंवर’, १९१९ चें ‘एकच प्याला’, १९३१ चें ‘कान्होपात्रा’ हे तिच्या प्रवासांतील मोठे मुक्काम. पुढें अहमदजान थिरकवांसारखा तबलजी आणि कादरबक्षांसारखा सारंगिया नाटक कंपनीच्या साथीला बसूं लागला, यावरूनच त्या संसाराचा थाट ध्यानांत यावा. त्या थाटापायीं झालेल्या कर्जाची कथा वेगळी, आणि तिच्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं.

दहा इंची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेई व तिच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. आतां ज्या नाटकाचा पडदा रात्रीं वर जाई आणि पहांटेच्या सुमारास खालीं येई, त्यांतील पदास तीन मिनिटें म्हणजे काय, याचा विचार करावा. प्रेक्षकांनीं ‘वन्स मोअर’ म्हणावें, आणि बालगंधर्वांनीं तेंच पद पुन्हां घ्यावें. मात्र तेंच म्हणजे तसेंच नव्हे. दुसऱ्या वेळीं एखाद्या शब्दावर निराळें वळण, तिसऱ्या वेळीं समेवर येण्याची आणखी एखादी नवी वाट. तबकडीसही वन्स मोअर देतां येतो. सुई उचलून आरंभीं ठेवली कीं झालें. पण तेथें शंभराव्या वेळींही तीच हरकत, त्याच जागीं. पुढील गायकांनीं ती एका दुपारची हरकत वेदपाठाप्रमाणें घोकली आणि तिला गंधर्व गायकी म्हटलें, याचें मला नेहमींच नवल वाटत आलें आहे.

आमच्या भातसानगरास ही मंडळी येण्याचा संभवच नव्हता. धरणाच्या कामासाठीं वसलेलें हें गांव तिच्या मागाहून जन्मलें. शहापूर-मुरबाडकडील माझ्या विद्यार्थ्यांना बालगंधर्व ठाऊक आहेत ते ध्वनिमुद्रिकेंतलेच. त्यांतील एकजण रामोन्स या अमेरिकन पंक रॉक वाद्यवृंदाचा परम भक्त आहे. १९७४ सालीं निघून १९९६ पर्यंत चाललेल्या त्या वृंदाच्या एकूणएक ध्वनिमुद्रिकांची यादी त्याला मुखोद्गत! त्यांची १९७६ ची पहिली ध्वनिमुद्रिका मी त्याच्या आग्रहास्तव ऐकली. चौदा गाणीं, आणि सारा खेळ अर्ध्या तासाच्या आंत आटोपला. गोंगाट माझ्या कानांस मानवला नाहीं, पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्यांचें गाणें आंखूड आहे तें त्यांनीं आपखुशीनें आंखूड केलें म्हणून. तबकडींत जें आहे तेंच त्यांचें पूर्ण गाणें. गंधर्वांचें गाणें आंखूड झालें तें लाखेची तबकडी संपली म्हणून. तेव्हां त्या वृंदाची यादी म्हणजे त्याचा इतिहास, असें कदाचित् म्हणतां येईल. गंधर्व मंडळींची यादी म्हणजे मात्र फार तर तिच्या इतिहासाची अनुक्रमणिका होय.

त्याच विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, महाराष्ट्र ज्याच्यासाठीं वेडा झाला, तो आवाज हाच का?” प्रश्न उद्धट नव्हता. आरंभींच्या काळीं गायकास कर्ण्यापुढें तोंड धरून गावें लागे. त्या कर्ण्याला तबल्याची थाप नीट पकडतां येत नसे, आवाजांतील बारकावे तर निम्मे बाहेरच राहात. मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण १९२५ पासून पाश्चात्य देशांत सुरू झालें व मग इकडे आलें. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. म्हणजे गळा ऐन तारुण्यांत होता तेव्हां यंत्र बहिरें होतें, आणि यंत्रास कान फुटले तेव्हां गायक चाळिशीस टेंकला होता! यांतूनच आणखी एक घोटाळा झाला. ‘कान्होपात्रें’तील अभंग मायक्रोफोनच्या काळांतले, म्हणून ते आपणांस स्वच्छ ऐकूं येतात, आणि बालगंधर्व म्हणतांच भजन आठवतें. १९११ सालच्या ‘मानापमानां’तील भामिनी, जिच्या लाडिक हट्टानें थिएटरें डोलत, ती आपल्या कानांपर्यंत धड पोंचलेलीच नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ झालें. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी, असा योग पुन्हां येणें नव्हतें; तीन महिन्यांच्या आंत केशवराव गेले. त्या रात्रीचा एक सूरही कोठें उरलेला नाहीं.

तरीही ‘तबकडींत कांहीं नाहीं हो’ असें मान हालवून म्हणणाऱ्या वृद्ध रसिकांशीं मी सहमत नाहीं. ‘स्वयंवरा’स चाली दिल्या भास्करबुवा बखल्यांनीं. बुवा १९२२ सालीं वारले, आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही तबकडी आज ऐकावयास मिळत नाहीं. त्या थोर गायकाची बंदिशीवरील पकड कशी असेल, हें जाणण्याची जी थोडीं साधनें आपल्या हातीं आहेत, त्यांत ‘स्वयंवरा’च्या या तीन तीन मिनिटांच्या पदांचा मान मोठा आहे. शिष्याच्या गळ्यांतून गुरु ऐकावयाचा, तोही सुईच्या खरखरीआडून. पण ऐकूं येतो खरा. मुंबईंत १९९० सालीं जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनीं आपली संस्था स्थापिली, हें म्हणूनच मला मोठें काम वाटतें. अशी एखादी तबकडी हातीं आली तर तिच्यावरील कागदी चकती जरूर वाचावी. पदाचे आरंभींचे शब्द असतात, गायकाचें नांव असतें. साथीला बसलेल्यांचें नांव बहुधा नसतें.